साठची एक कॅसेट आणि क्वीनची गाणी : प्रकल्प नोंदी

१३ जुलै २०२४, शनिवार

सुरुवात भांडणातून झाली हे आधीच लिहून ठेवतो. आज १३ जुलै, म्हणजे १९८५ च्या लाइव्ह एडचा, त्या मदतनिधीच्या मोठ्या कॉन्सर्टचा दिवस, त्यामुळे दादाने दरवर्षीसारखा सकाळी घरच्या ग्रुपवर त्यातला क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा वेम्ब्ली स्टेडियमवरचा तो व्हिडिओ टाकला, पांढरा बनियन घातलेला त्यांचा गायक फ्रेडी आणि ती एकवीस मिनिटं. पाच मिनिटांत न्यू जर्सीहून आत्तेभावाचं उत्तर, "हिट गाण्यांची मिरवणूक आहे ही, खरी क्वीन बघायची तर १९७४ मध्ये जा." तिकडे रात्रीचा एक वाजला असेल, पण हा माणूस क्वीनसाठी जागा असतोच. मग माझी लेक मधे पडली, मग मी. दुपारचं जेवण फोन हातात धरूनच झालं.

तर ठरलं असं. दादाच्या जुन्या मारुती झेनमध्ये मूळचा कॅसेट प्लेअर आहे, बंद पडलेला. तो चालू करायचा. माझ्याकडे साठची एक कोरी कॅसेट आहे, सील न फोडलेली, माळ्यावर सापडली. तिच्यात क्वीनची सर्वोत्तम गाणी भरायची, दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा तास. आणि गणपतीच्या आधी एक रविवार काढून पाचगणीला जायचं. पाचगणीच का, तर फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बुलसारा, झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा, आठव्या वर्षी तिथल्या सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला आला आणि पुढची बरीच वर्षं तिथेच होता. शाळेत 'द हेक्टिक्स' नावाचा बँड होता, त्यात पियानो वाजवायचा. वाई, पसरणी घाट, टेबललँड, हे सगळं त्या पोराने बघितलंय आणि आपण तिथे फक्त स्ट्रॉबेरी खायला जातो.

१४ जुलै, रविवार

नियम ठरवले. फोनवर दीड तास गेला.

एक, गाणं कापायचं नाही, अख्खं घ्यायचं. हा दादाचा हट्ट आणि त्यामागे जुनी जखम आहे. १९८६ च्या सुमारास त्याने कॅसेट भरून देणाऱ्या एका दुकानातून क्वीनची गाणी भरून आणली होती, त्यात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पहिल्या बाजूला शेवटी होतं आणि ऑपेराच्या मधेच टेप संपायची. बरीच वर्षं दादा समजत होता की गाणं तिथेच संपतं. कॉलेजात कुणाकडे तरी त्याने पूर्ण ऐकलं, पुढचं ते दणकट गिटारवालं आलं आणि हा म्हणे उठून उभा राहिला. वर शेवटचं हळू होत विरत जाणारं आहेच.

दोन, प्रत्येकाला एक नकाराधिकार, एकदाच वापरायचा.

तीन, सोलो अल्बममधलं काही नाही, फक्त बँडचं. पंधरा स्टुडिओ अल्बम आहेत, पुरे झाले.

२० जुलै, शनिवार

प्लेअर बाहेर काढला. डॅशबोर्डची क्लिप तुटली, दादाला अजून सांगितलेलं नाही. आत बेल्टचं अक्षरशः डांबर झालंय, पुलीला चिकटून बसलेलं, बोटांना लागलं की दोन दिवस जात नाही. इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तासभर घासत बसलो. टेप वाचणारं हेड तपकिरी झालेलं, पुसल्यावर चकचकीत निघालं. टेप ओढणारा रबरी पिंच रोलर कडक झालाय, तो बदलावा लागेल. मोटर मात्र फिरते.

२५ जुलै, गुरुवार

काम नाही. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला लोकांच्या घरात पाणी शिरलं. आमचं घर उंचावर आहे म्हणून वाचलो. दिवसभर ओळखीच्या लोकांना फोन करण्यात गेला.

२८ जुलै, रविवार

आत्तेभावाचा तास. त्याने व्हिडिओ कॉलवर 'क्वीन टू' अख्खा ऐकायला लावला, मधे बोलायचं नाही अशी अट. हा १९७४ चा अल्बम, रेकॉर्डच्या बाजूंना ए-बी न म्हणता पांढरी बाजू आणि काळी बाजू असं नाव दिलेलं, काळी बाजू सगळी फ्रेडीची. त्याचं म्हणणं असं की 'मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन' नसतं तर 'बोहेमियन' झालंच नसतं, साडेसहा मिनिटांत ते गाणं इतक्यांदा अंगावरचे कपडे बदलतं की मोजायचं सोडून द्यावं लागतं. आणि 'फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक' तर एका चित्रावर आहे, रिचर्ड डॅड नावाच्या चित्रकाराचं, ते लंडनच्या टेट कलादालनात आहे.

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा डोकं दुखलं. दुसऱ्यांदा संध्याकाळी एकट्याने हेडफोन लावून ऐकलं तेव्हा कळलं की हा कशासाठी भांडतो. पण गाडीत? खंबाटकीच्या बोगद्यात बारा जणांचे आवाज असल्यासारखं ते गाणं? (बारा जण नाहीत, तिघेच. फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर, एकावर एक आवाज चढवलेले. जॉन डीकन गायचा नाही.)

लेकीने विचारलं, "बाबा, हे ओळखीचं एकही गाणं नाहीये, मग हे बेस्ट कसं?" आत्तेभाऊ म्हणाला, "ओळखीचं म्हणजे कुणाच्या ओळखीचं?" यावर मी बरंच डोकं खाजवलं. म्हणजे बघा, आपल्या डोक्यातली क्वीन मुख्यतः १९८१ च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'मधून आलीये, सतरा गाणी, आणि त्यात बहुतेक इंग्लंडमध्ये सिंगल म्हणून, म्हणजे सुटी, निघालेलीच गाणी आहेत. 'क्वीन टू'मधून त्यात एकच, 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय'. 'द प्रॉफेट्स साँग' नाही, 'थर्टीनाइन' नाही, 'लव्ह ऑफ माय लाइफ' नाही. एका कंपनीने एका वर्षी डबा भरून दिला आणि चाळीस वर्षं सगळं जग त्याच डब्यातून जेवतंय. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "डबा चांगलाच भरलाय पण."

तेही खोटं नाही.

४ ऑगस्ट, रविवार

काल तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. बेल्ट आणि पिंच रोलर मिळाले, दोन्ही एकाच दुकानात, दुकानदार काकांनी जुना बेल्ट न बघता मापाचा काढून दिला, नुसतं गाडीचं नाव ऐकून. आज बसवला. मोटर, बेल्ट, पुली, सगळं फिरतंय. जुनी भावगीतांची कॅसेट टाकून बघितली, वाजली! पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा, वरचे सूर गायब. हेडचा कोन हललेला असणार, तो स्क्रू फिरवून नंतर जुळवेन.

हे करताना डीकन आठवत होता. इथे माझी बाजू मांडून घेतो, कारण ग्रुपवर कुणी मांडू देत नाही. जॉन डीकन, क्वीनचा बेसवाला, चौघांत सगळ्यात शेवटी आला, १९७१ मध्ये. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याला लंडनमध्ये रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत एक सर्किटची पाटी सापडली, ती उचलून त्याने एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात घातली, बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर तयार केला, आणि ब्रायन मेने त्या खोक्यातून गिटार वाजवून अख्खा वाद्यवृंद उभा केला. 'गुड कंपनी'मध्ये जो जुन्या पद्धतीचा जॅझ बँड ऐकू येतो ना, क्लॅरिनेट ट्रॉम्बोन वगैरे, ती सगळी गिटार आहे. आणि ती गिटारही मेने वडिलांबरोबर घरीच बनवलेली, जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरून, वाजवायचा सहा पेन्सच्या नाण्याने. तपकीर गल्लीतला माणूस या बँडवर जास्त प्रेम करणार, हे मला पटलेलं आहे.

बरं, डीकनची गाणी. थोडीच आहेत, पण 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' त्याचं, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' त्याचं, 'आय वाँट टू ब्रेक फ्री' त्याचं, 'स्प्रेड युअर विंग्ज' त्याचं. 'अनदर वन' १९८० मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं. फ्रेडीची गाणी म्हणजे पंचपक्वान्नांचं ताट, रिकामी जागा दिसतच नाही. डीकन दोन घास वाढतो आणि मग थांबतो. 'अनदर वन'मधला बेस ऐका, अर्धी मजा सुरांमधल्या शांततेत आहे. माझ्या मते क्वीनची सर्वोत्तम गाणी कुठली याचं उत्तर डीकनपासून सुरू व्हायला पाहिजे. आत्तेभावाचं एका शब्दाचं उत्तर आलं, "डिस्को."

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. कागदावर यादी करायला बसलो, सेकंदांसकट. दादा घरी आला, लेक होतीच, आत्तेभाऊ फोनवर, बायको स्वयंपाकघरातून (तिचं एकच मत, 'समबडी टू लव्ह' नसेल तर मी गाडीत बसणार नाही. हा नकाराधिकार नाही, ही धमकी आहे, पण मान्य).

पहिलं मोठं प्रकरण 'द प्रॉफेट्स साँग'. आठ मिनिटं एकवीस सेकंद. मधे फ्रेडीचा एकट्याचा आवाज, त्याचाच प्रतिध्वनी उशिराने परत येतो आणि तो त्याच्यावरच गात जातो, ब्रायन मेचं गाणं. आत्तेभावाला तेही हवं आणि 'ब्लॅक क्वीन'ही हवं, म्हणजे दोघं मिळून जवळपास पंधरा मिनिटं, अर्धी बाजू. दादाने शांतपणे नकाराधिकार वापरला. पलीकडून बराच वेळ आवाज नाही, आम्हाला वाटलं कॉल कट झाला.

दुसरं, 'बोहेमियन' घ्यायचं की नाही. हो, यावरसुद्धा वाद झाला, लेक म्हणाली ते सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलंय की आता ते गाणं राहिलं नाही, रिंगटोन झालंय. मला क्षणभर पटलं पण. मग दादाने सांगायला घेतलं, पाच मिनिटं पंचावन्न सेकंद, १९७५, रेडिओवाले एवढं लांब गाणं वाजवणार नाहीत असं सगळे सांगत होते, बँडने कापायला नकार दिला, आणि ते इंग्लंडमध्ये नऊ आठवडे एक नंबरला राहिलं, फ्रेडी गेल्यावर १९९१ मध्ये परत पाच आठवडे. आणि आवाजावर आवाज चढवताना टेप रेकॉर्डिंगच्या हेडवरून इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून ती आरपार दिसायला लागली, असं बँडवालेच सांगतात. कॅसेटवर वाजायला याच्याइतकं लायक गाणं कुठलं, असा त्याचा मुद्दा. लेकीने हात वर केले. मला वाटतं तिला '८६ च्या अर्धवट कॅसेटची गोष्ट आठवली असणार.

तिसऱ्यात फार वेळ गेला नाही. 'इन्युएंडो' की 'द शो मस्ट गो ऑन', दोन्ही १९९१ च्या शेवटच्या अल्बममधली (म्हणजे फ्रेडी जिवंत असताना आलेल्या शेवटच्या). मला 'इन्युएंडो' हवं होतं, मधे स्पॅनिश गिटार आहे, 'येस' बँडच्या स्टीव्ह हाउने वाजवलेली, क्वीनच्या गाण्यात दुसऱ्याच कुणाची गिटार म्हणजे नवलच. पण ते साडेसहा मिनिटं आणि 'शो' साडेचार. लेक म्हणाली, हा माणूस आजारी होता, उभं राहवत नव्हतं, आणि असा आवाज लावलाय, तुम्ही सेकंद काय मोजताय. ते सिंगल निघालं ऑक्टोबरात आणि २४ नोव्हेंबरला तो गेला. मी कागदावर 'इन्युएंडो'वर रेघ मारली.

लेकीला क्वीन कळली 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' याच नावाच्या सिनेमामुळे, आणि त्या सिनेमावरून दादा तिला रोज छळतो. त्यात 'वुई विल रॉक यू' बनतंय तेव्हा फ्रेडीला मिशा आहेत, गाणं १९७७ चं आणि मिशा १९८० च्या. असल्या चुका पकडण्यात दादाचं अर्धं आयुष्य गेलंय.

रात्री साडेअकराला ठरलेली यादी. पहिली बाजू : 'सेव्हन सीज', 'मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन', 'किलर क्वीन', 'स्टोन कोल्ड क्रेझी', 'बोहेमियन', 'थर्टीनाइन', 'बेस्ट फ्रेंड'. दुसरी बाजू : 'समबडी टू लव्ह', 'डोन्ट स्टॉप मी नाउ', 'अनदर वन', 'अंडर प्रेशर', 'ब्रेक फ्री', 'शो मस्ट गो ऑन', आणि शेवटी 'वुई विल रॉक यू' नि 'वुई आर द चॅम्पियन्स' जोडीने, ही जोडी तोडायची नाही असं दादाने दम देऊन सांगितलंय. दुसरी बाजू बेरजेत २८ मिनिटं ५७ सेकंद. गाण्यांमधे तीन तीन सेकंद सोडले तरी बसतं.

डीकनची तीन गाणी आली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी काही बोललो नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखीपौर्णिमा, सगळे जमलेले, नारळीभात झाल्यावर नवीन वाद. दादा म्हणाला, 'चॅम्पियन्स'चा खरा कळस म्हणजे अगदी शेवटी फ्रेडी "ऑफ द वर्ल्ड" म्हणतो आणि गाणं तिथे ठप्प संपतं ते. लेक म्हणाली, "काका, शेवटी तो ते म्हणतच नाही." दादा हसला. आत्या हसली, आत्याला क्वीन माहीत पण नाही. लेक ठाम. पैज लागली, पाचगणीतल्या जेवणाचं बिल.

इथे लिहून ठेवतो, पोरगी बरोबर आहे. स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगमध्ये आधीच्या कडव्यांनंतर ते शब्द येतात, पण अगदी शेवटी येत नाहीत, गाणं वरच्या वर लटकत संपतं. लाइव्ह एडला मात्र तो शेवटी म्हणाला होता, आणि दादा दरवर्षी तोच व्हिडिओ बघतो, म्हणून कानात ते बसलंय. मी दोघांनाही सांगितलं नाही. दादाची अट अशी की निकाल मोबाइलवर लावायचा नाही, गाडीत, आपल्या कॅसेटवर लावायचा.

२४ ऑगस्ट, शनिवार

भरणं सुरू. लॅपटॉपमधून घरच्या डेकला वायर, रेकॉर्डिंग त्याच वेगाने होतं, घाई चालत नाही, अर्ध्या तासाच्या बाजूला अर्धा तास. सुरुवातीला टेपचा पाचेक सेकंदांचा कोरा पारदर्शक तुकडा असतो तो पेन्सिलीने पुढे ढकलला (पेन्सिल आणि कॅसेट बघून लेकीने फोटो काढला, जसा मी वस्तुसंग्रहालयात आहे). पहिल्या प्रयत्नात आवाज जास्त लावला, 'सेव्हन सीज'च्या पियानोलाच काटा लाल पट्टीत, परत सुरुवातीपासून. पहिली बाजू झाली. 'ब्लॅक क्वीन' टेपवर ऐकायला खरंच वेगळं लागतं, जरा गोल, कडा घासल्यासारखं. आत्तेभावाला पाठवायला मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर म्हणतो, "हे तर पावसात ऐकू आल्यासारखं येतंय." पाऊस चालूच होता बाहेर.

२५ ऑगस्ट, रविवार

दुसरी बाजू भरली. मधे चहा ठेवायला गेलो, शेवट ऐकला नाही, परत आलो तेव्हा डेक आपोआप बंद झालेला. ठीक वाटतंय. मग गाडीत नेऊन हेडच्या कोनाचा स्क्रू हळूहळू फिरवला, 'अनदर वन'ची झांज मधेच उघडली, म्हणजे पडदा बाजूला सरकवावा तशी. एवढ्या एका क्षणासाठी महिनाभराचं काम फुकट गेलं नाही असं वाटलं.

डॅशबोर्डच्या क्लिपचं दादाला सांगितलं. त्याला आधीच माहीत होतं.

१ सप्टेंबर, रविवार

पहाटे सहाला निघालो. झेनला ग्रीन टॅक्स भरून पुढची नोंदणी झालीये पण खंबाटकी चढताना ती म्हातारी म्हणते मला ढकला. पहिली बाजू आम्ही खंबाटकीच्या अलीकडे लावली. 'बोहेमियन' पूर्ण वाजलं, घाटात, तुकडा न पडता, दादा काही बोलला नाही, फक्त शेवटच्या हळू भागाला काच वर केली. सुरूर फाट्याला वळून वाईला चहा घेतला आणि तिथून दुसरी बाजू, म्हणजे 'चॅम्पियन्स' बरोबर पसरणी घाट संपता संपता यावं असा हिशोब.

हिशोब इतका जुळला की घाट संपला, पाचगणीची पाटी आली, 'चॅम्पियन्स' शेवटाकडे आलं, दादाने आवाज वाढवला, लेक पुढे वाकली, आणि खट्. टेप संपली. शेवटचे वीसेक सेकंद नाहीत.

गाडीत आधी एकदम शांतता आणि मग सगळे माझ्याकडे. शाळेच्या फाटकासमोर गाडी बाजूला घेऊन, धुक्यात, कागद काढून बेरीज केली. चूक सापडली. 'ब्रेक फ्री'. मी यादीत अल्बमवालं धरलं होतं, जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटांचं, आणि भरलं ते सिंगलवालं, सुरुवातीला लांब सिंथवालं, एक मिनिट जास्त. डीकनचं गाणं. दादा म्हणाला, "तुझा तो कचऱ्याच्या पेटीतला माणूस." लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम केलं."

मुद्दाम नाही केलं. खरंच नाही.

शाळा आत जाऊन बघता येत नाही हे माहीतच होतं, बाहेरूनच बघितली, झाडं, उतारावरची कौलं, धुकं. दादा दोन मिनिटं उभा राहिला. मग जेवणाच्या बिलावरून तंटा, निकाल कॅसेटवरच लागणार ही अट त्यानेच घातलेली, त्यामुळे बिल अर्धं अर्धं झालं. आत्तेभावाला कळवलं तर म्हणाला, याच कारणासाठी मी 'प्रॉफेट्स साँग' शेवटी ठेवायला सांगत होतो, ते कुठेही कापलं तरी कुणाला कळलं नसतं. असं तो कधीच म्हणाला नव्हता.

राहिलेली कामं : दुसरी बाजू परत भरणे, अल्बमवालं 'ब्रेक फ्री' घेऊन. उरलेल्या जागेत काय बसतं ते बघणे. डॅशबोर्डची क्लिप. दादाला नव्वदची कोरी कॅसेट हवी आहे, कुठे मिळते का बघणे.